बोंबलाच्या शेपटीचं तिसरं टोक

४ जानेवारी, शनिवार

दीपिका मॅडमनी आज केबिनमध्ये बोलावलं. बोईसरच्या आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. चहा मागवला तेव्हाच कळलं की काहीतरी गळ्यात मारणार. एकतीस तारखेला स्नेहसंमेलन आहे, विषय 'आपला समुद्र', आणि दारातून आत आल्याआल्या समोरच्या भिंतीवर सहा फूट बाय चार फुटांचा समुद्र हवा. चित्र नको, चित्र सगळेच लावतात. उठावाचं, हात लावून बघावंसं वाटेल असं काहीतरी. संस्थेचे अध्यक्ष येणार आहेत. "चारुता, तुझ्या कायम नेमणुकीचा विषय फेब्रुवारीच्या बैठकीत आहे," एवढं बोलून त्यांनी बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. मी दोन घेतली.

दीड वर्ष मी इथे कंत्राटावर चित्रकला शिकवतेय. कायम झाले की मी आणि माझा नवरा धीरज घिवली गाव सोडून बोईसरला राहायला जाणार. स्टेशनच्या मागे दुसऱ्या मजल्यावरची खोली ठरवून ठेवलीय, मालक फेब्रुवारीपर्यंत थांबायला तयार आहे. सासूबाईंना यातलं काही सांगितलेलं नाही. ऑर्डर हातात पडेपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही, असं धीरजला बजावलंय. इथे लिहून ठेवते, म्हणजे महिनाभर मी कशासाठी मरत होते ते नंतर आठवेल.

६ जानेवारी, सोमवार

शाळेने क्ले आणून दिली. हवेत वाळणारी. पांढरी, मऊ, मळलेल्या कणकेसारखी असते. भट्टीबिट्टी लागत नाही, नुसती उघडी ठेवली की दोन-तीन दिवसांत दगड होते. पाकिटावर लिहिलंय, वापरायला सोपी, मुलांसाठी सुरक्षित. वाचून मला धीर आला.

ओसरीवर प्लायवूड आडवा टाकला. वरच्या भागात फाटकं जाळं फेविकॉलमध्ये भिजवून त्याच्या लाटा, लाटांवर कापसाचा फेस, तळाला खरी वाळू, शिंपले आणि दोरखंडाचा तुकडा, आणि मधल्या सगळ्या जागेत मातीचे मासे. आज अकरा केले. चार नारिंगी पट्ट्यांचे, दोन डॉल्फिन, एक हसरा ऑक्टोपस, बाकीचे साधे, म्हणजे बदामासारखे आणि मागे त्रिकोण. बघणाऱ्याला प्रसन्न वाटावं असा समुद्र हवा, असं माझं मत आहे. मी कलाशिक्षक पदविका घेतलेली बाई आहे, माझ्या मताला काही किंमत असावी.

आता सासूबाईंविषयी. इंदुबाई त्यांचं नाव, सुक्या मच्छीचा धंदा, मी त्यांना आई म्हणते. मी पालघरची, वडिलांचं स्टेशनरीचं दुकान, घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही. लग्नाला आठ महिने झाले, आईंनी मला एकदाही मासे खायचा आग्रह केला नाही, ते मोठेपण त्यांना द्यायलाच हवं. पण माझ्याशी थेट बोलतही नाहीत. मांजरीशी बोलतात. मांजरीचं नाव सोनी. "सोने, इचार तिला, भाकरी वाडू काय?" मग मीही सोनीलाच सांगते, अर्धीच. सोनीला हे सगळं आता सवयीचं झालंय.

आई आज बाजारातून आल्या, टोपली उतरवली आणि फळीकडे बराच वेळ बघत उभ्या राहिल्या.

"सोने, हे मासे कंच्या गावचे?"

मी सोनीला सांगितलं की ही कला आहे.

"कला हाय काय," आई म्हणाल्या. "माला वाटलं बिस्किटं."

९ जानेवारी, गुरुवार

मासे लवकर वाळावेत म्हणून सकाळी अंगणात उन्हात मांडले. अंगणात आईंनी बांबू रोवून दोऱ्या बांधल्यात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टांगतात, अशा रांगाच्या रांगा. मधल्या मोकळ्या जागेत मी माझं ताट ठेवलं.

"सोने, सांग तिला, उनात नको. आदी सावलीत ठेव म्हनावं, वारा लागू दे. मंग ऊन."

अंगण मच्छीला हवंय म्हणून मला हुसकावतायत, हे कळण्याइतकी मी शहाणी आहे. ताट मुद्दाम आणखी मधोमध सरकवलं आणि शाळेत गेले. संध्याकाळी येऊन बघते तर अकरातले नऊ मासे तडकलेले. एका डॉल्फिनचे दोन तुकडे. ऑक्टोपसचं हसू फाटत फाटत पार कानापर्यंत गेलेलं.

कारण उघड आहे. समुद्राजवळची खारट हवा. पालघरला असं झालं नसतं.

१२ जानेवारी, रविवार

मॅडमना फोटो पाठवले होते. त्यांचं उत्तर आलं: "विषय 'आपला' समुद्र आहे. हे मासे आपले वाटत नाहीत." आईंनी मॅडमना फोन केला की काय अशी शंका येऊन गेली, पण सोनीशिवाय त्या कुणाशी माझ्याविषयी बोलत नाहीत.

तेव्हा पुन्हा पहिल्यापासून. बोंबील, पापलेट, सुरमई, वाकटी, खेकडे. मोबाईलवर फोटो बघून करते. बोंबील सगळ्यांत सोपा, लांब वळकटी करायची आणि एका टोकाला डोळे टोचायचे. दुपारपर्यंत बावीस झाले. ताटं ओसरीवर ठेवली आणि धीरजबरोबर वाणगावला त्याच्या मित्राकडे बारशाला जाऊन आले.

परत आले तर ताटं ओसरीवर नाहीत. मागच्या पडवीत सापडली, गोणपाटावर, वर ओलं फडकं आणि सगळे मासे पालथे घातलेले. हे शेजारच्या रंभाबाईंचं काम. त्यांना दुसऱ्याच्या घरातल्या वस्तू हलवायची खोड आहे. मी सगळे परत उताणे केले. एकही तडकला नव्हता, म्हणजे खारट हवा आज कमी असावी.

१५ जानेवारी, बुधवार

एक चमत्कारिक गोष्ट लिहून ठेवते. माझ्या बोंबलांच्या शेपटीला तिसरं टोक फुटलंय. मी दोनच ठेवली होती, माशाच्या शेपटीला दोन टोकं असतात हे पहिलीतल्या पोराला ठाऊक असतं. आता दोन टोकांच्या मधोमध एक छोटंसं तिसरं आहे, सगळ्यांना, एकसारखं. माझा अंदाज असा की वाळताना माती कडेने आकसते आणि मध्ये जागा न मिळाल्यामुळे बाहेर येते. तोंडंही आपोआप उघडलीयत, चांगली रुंद, आणि आत बारीक दात आहेत. दातांविषयीचा अंदाज अजून जमलेला नाही.

शिवाय अडतीस मासे होते ते एकेचाळीस निघाले. मोजताना माझी चूक झाली असणार. शाळेत हल्ली फार ताण आहे.

धीरजला दाखवलं. तो कारखान्यातल्या पाळीवरून आला होता, डोळे अर्धे मिटलेले. "छान झालेत गं," म्हणाला आणि आईकडे बघून उगाच खोकला. आई लसूण सोलत होत्या. मान वर केली नाही.

१८ जानेवारी, शनिवार

सोनीने पापलेट पळवलं. मातीचं. तोंडात धरून थेट कौलांवर. पहिल्या अकरा माशांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नव्हतं, एकदा फक्त डॉल्फिनला पाठ घासली होती. मी शिडी लावून ते खाली काढलं, कल्ल्याजवळ तिचे दात उमटलेत, ते तसेच ठेवणार. आठ महिन्यांत या घरात माझ्या हातच्या गोष्टीला मिळालेली ही पहिली दाद.

रंभाबाईंना मात्र आज स्पष्ट सांगितलं की माझ्या ताटांना हात लावत जाऊ नका. त्या कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. "मी कशाला लावू गो बाय? माजे मला थोडे मासे हाईत?" मग आईंकडे बघून दोघी काहीतरी त्यांच्या बोलीत भराभर बोलल्या आणि रंभाबाई पदर तोंडाला लावून गेल्या. चोरी पकडली गेली की माणसं अशीच वागतात.

२२ जानेवारी, बुधवार

शाळा आज मधल्या सुट्टीतच सुटली, पाण्याची टाकी धुणार होते म्हणून. दोन वाजता घरी आले. दार लोटलेलं होतं. मागच्या पडवीतून आईंचा आवाज येत होता, कुणाला तरी झापत होत्या. मला वाटलं सोनी.

आई पाटावर बसल्या होत्या. डोळ्यांवर धीरजच्या बाबांचा जुना चष्मा, हातात गोधडी शिवायची सुई आणि मांडीवर माझी सुरमई. तिच्या अंगावर ठिपके टोचत होत्या.

"असं पोट असतं काय? पोटुशी हाय काय तू? ती पालगरची हाय, तिला नाय ठाव. तुला तरी ठाव पायजे ना."

सुरमईचं पोट त्यांनी अंगठ्याने दाबून सारखं केलं, बोट पाण्यात बुडवून भेग बुजवली, तिला पालथी केली, फडकं टाकलं. मग ताटातला दुसरा मासा उचलला आणि कपाळावर हात मारला.

मी चपला हातात घेऊन तशीच मागे फिरले. बंदरावर जाऊन होड्यांच्या सावलीत दोन तास बसले. आधी राग आला, माझ्या कामाला हात लावतात म्हणून. मग ते पोटुशी आठवून एकटीच हसत सुटले, जाळं विणणारे दोन म्हातारे बघायला लागले. आणि मग हसता हसता थांबले. आठ महिन्यांत ही बाई माझ्याशी चार वाक्यं बोलली नाही आणि माझ्या माशांशी रोज बोलतेय.

नेहमीच्या वेळेला घरी आले, फाटकापासूनच जोरजोरात खोकत. सुरमई सुंदर झालीय. दातांचा अंदाज एकदाचा जमला. रंभाबाईंची माफी मागायला हवी.

२४ जानेवारी, शुक्रवार

खेकड्याला मुद्दाम सहा पाय ठेवून गेले. संध्याकाळी दहा होते, नांग्या धरून.

२५ जानेवारी, शनिवार

पापलेटच्या अंगावर सकाळी एकेक करून मोठाले खवले कोरले. चांगला पाऊण तास गेला. संध्याकाळी सगळे बोटाने पुसून पापलेट गुळगुळीत.

२७ जानेवारी, सोमवार

वाकटी म्हणजे पट्ट्यासारखा लांब चपटा मासा. तिला आज चार पाय लावले. घरी आले तेव्हा पाय तोडून ताटाच्या कडेला ओळीने मांडून ठेवलेले होते.

जेवताना आई म्हणाल्या, "सोने, काय काय लोक येडे असतात." मी वरण भुरकत होते, मान खाली होती. त्या हसल्या की मला भास झाला ते सांगता येत नाही. धीरज दोघींकडे आळीपाळीने बघत होता. बिचारा.

३० जानेवारी, गुरुवार

समुद्र तयार झाला. लाटा, फेस, वाळू, शिंपले, त्रेसष्ट मासे, अकरा खेकडे. बोंबील मी आईंच्या दोरीसारखे जोडीजोडीने, जबड्यात जबडा अडकवून लावले. शेवटची जोडी लागेपर्यंत आई ओसरीच्या खांबाला टेकून उभ्या होत्या.

नेणार कसा याचा विचारच केला नव्हता. रिक्षात मावत नाही आणि ज्या टेम्पोवाल्याला सांगितलं होतं तो आयत्या वेळी आला नाही. मी रडकुंडीला आले. आई चप्पल घालून बाहेर गेल्या आणि दहा मिनिटांत मच्छीचा टेम्पो घेऊन आल्या. खाली सुक्या बोंबलांची पोती, वर माझा समुद्र, शेजारी त्याला धरून मी. कुंभवलीच्या नाक्यावर कामगारांचा घोळका उभा होता, त्यातला एकजण ओरडला, "मॅडम, दरिया किधर ले जा रहे हो?" मी म्हटलं, शाळेत.

फळीला वास बसलाय. शाळेत पोचल्यावर धीरजचं अत्तर मारलं. आता बोंबलाने अत्तर मारल्यासारखा वास येतोय.

३१ जानेवारी, शुक्रवार

दमलेय पण लिहिते.

मुलांनी सकाळपासून समुद्रापुढे गर्दी केली. किनाऱ्याच्या गावांतली पोरं तर बोट लावून लावून नावं सांगत होती, ही मांदेली, ही वाकटी, हा बोंबील बघ तोंड कसं केलंय. मला निम्मी नावं त्यांच्याकडून कळली. मांदेली मी केलीच नव्हती. मोजताना जास्तीचे निघालेले ते तीन कोण होते ते आज समजलं.

अध्यक्ष आले. उंच, वयस्कर गृहस्थ, लहानपण बंदरावर गेलेलं. ते चालत चालत थांबले, परत आले, चष्मा पुसला आणि बोंबलाची शेपटी बघितली. मग त्याच्या तोंडात बोट घालून दात चाचपले. दीपिका मॅडमचा श्वास अडकलेला मला ऐकू आला.

"तीन टोकं," ते म्हणाले. "हे फोटोत बघून जमत नाही. कुणाकडे शिकलात?"

खोटं बोलायची सोय होती. पदविका आहे, मोठं कॉलेज आहे. पण गर्दीच्या मागे मला ठेवणीतलं हिरवं लुगडं दिसलं. आई आल्या होत्या, न सांगता, रंभाबाईंना घेऊन, आणि आपण या गावचेच नाही अशा चेहऱ्याने पताका बघत होत्या.

"माझ्या सासूबाईंकडे," मी म्हटलं. "त्या काय, तिथे उभ्या आहेत."

सगळे वळले. आई पुढे आल्या. आवाज अंगणातलाच लावला.

"शिकवलं काय नाय साहेब. बिगडलेलं तेवडं नीट केलं." मग माझ्याकडे वळल्या. सोनी पाच कोस लांब होती. "आनि तू, वाकटीला पाय लावून माजी परीक्षा बगत व्हतीस काय?"

अध्यक्ष इतके हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ऑर्डर मिळाली. कायम नेमणूक, जूनपासून. दीपिका मॅडमनी या वेळी बिस्किटांचा पुडाच फोडला.

धीरज पाळीवरून आला तेव्हा त्याला अंगणात बाजूला घेतलं. म्हटलं, आता आईंना खोलीचं सांगायला हवं, कसं सांगायचं ते ठरवू. तो पायाच्या अंगठ्याने माती उकरायला लागला. हा माणूस माती उकरायला लागला की समजावं, काहीतरी घोळ घातलाय.

"आईला माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. चार तारखेला तू आंघोळीला गेलीस तेव्हा तिने विचारलं, बायको एवढी खुशीत का. मला तिच्याशी खोटं बोलता येत नाही, तुला ठाऊक आहे."

चार तारीख. मी पहिला मासा सहाला केला. म्हणजे पडवीतली ती सावली, ती फडकी, ते ठिपके, त्या शेपट्या, सगळं आईंनी पूर्ण ठाऊक असताना केलं. हा समुद्र चांगला झाला की मुलगा आणि सून निघून जाणार आणि घरात त्या आणि मांजर राहणार. आणि तरी मच्छी विकून आल्यावर रोज चष्मा लावून बसत होत्या. मला इतकी लाज वाटली की मी तशीच बोंबलांच्या दोरीखाली उभी राहिले, वास येतोय हेही लक्षात आलं नाही.

आत गेले. आई तांदूळ निवडत होत्या.

"आई, तुम्हाला ठाऊक होतं. मग तुम्ही कशाला माझे मासे नीट करत बसलात?"

त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला.

"वाईट दिसत व्हते," म्हणाल्या.

एवढंच. मी खाली बसून त्यांच्याबरोबर तांदूळ निवडायला लागले.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज खोलीची किल्ली घ्यायची होती. पाच दिवस मी जायचं टाळत होते, पण धीरजने मालकाला शब्द दिलेला. सकाळी आम्ही निघालो तर आई हिरवं लुगडं नेसून फाटकात उभ्या. "मी बी येते. बगू तरी."

मालक वाट बघत होता. त्याने नळ सोडून दाखवला, दिवे लावून दाखवले, स्टेशन किती जवळ आहे ते सांगितलं. आई त्याचं काही ऐकत नव्हत्या. त्यांनी भिंतीला तळहात लावला. खिडकी उघडली, समोर हाताच्या अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत. बोट तोंडात ओलं करून खिडकीबाहेर धरलं आणि तसंच धरून ठेवलं, आम्ही तिघे बघत उभे. मग गॅलरीत जाऊन तेच केलं.

परत आल्या तेव्हा आमच्या दोघांकडे बघितलं नाही, फरशीकडे बघत बोलल्या.

"हित वारा नाय. हित तुजी माती वाळायची नाय. बुरशी धरंल."

या बाईने नवरा गेल्यावर एकटीने धंदा केला, मुलाला वाढवलं, कधी कुणाकडे काही मागितलं नाही. राहा असं म्हणणं त्यांना जमणारच नव्हतं, मी कितीही वाट बघितली असती तरी. त्यांना जमत होतं तेवढं त्या बोलल्या होत्या.

धीरजने माझ्याकडे बघितलं. मी मालकाकडे वळले.

"भाऊ, आमची माती इथे वाळणार नाही. खोली दुसऱ्या कुणाला द्या."

"कसली माती?" मालकाने विचारलं. मग त्याला वाटलं मी घासाघीस करतेय. "मी पंखा लावून देतो, ताई. दोन लावतो."

धीरज जिन्याकडे निघालाही होता. त्याच्या पाठीवरूनच मला कळलं की तो हसतोय.

जिना उतरताना आई माझ्यापुढे होत्या. मधल्या मजल्यावर थांबल्या, गुडघा चोळला.

"पंख्यानं वाळली असती तशी," म्हणाल्या.

"नाही," मी म्हटलं. "तडकली असती."

त्यांनी हो म्हणून मान डोलावली. मग खाली येऊन रिक्षात मला वाऱ्याच्या बाजूला बसवलं.